पुएब्लाचा जुना गाभा पायी पाहताना

ठाण्याच्या एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे: नोव्हेंबरात मेक्सिको सिटीत आठ दिवसांचा मुक्काम आहे, त्यांतला दीड दिवस पुएब्ला शहरासाठी काढता येईल आणि सोबत सत्तरीला टेकलेले आईवडील आहेत. अशा वेळी जुन्या शहरात गाइडसह पायी फेरी घ्यावी, की फोनमधला नकाशा आणि कानातले रेकॉर्डिंग पुरेसे होईल? शिवाय पुएब्लात एका भारतीय राजकन्येची समाधी आहे असे त्यांच्या वाचनात आले आहे, ते कितपत खरे, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. मी गेली अकरा वर्षे पुएब्लात राहते आणि भारतातून येणाऱ्या मंडळींसोबत स्थानिक परवानाधारक गाइडच्या जोडीने या फेऱ्या करते. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते आहे.

थोडक्यात उत्तर असे की गाइड अवश्य घ्यावा, मात्र तीन तासांपुरता, आणि उरलेला वेळ स्वतःसाठी मोकळा ठेवावा. पुएब्लात वाट चुकण्याची भीती जवळजवळ नाही, त्यामुळे वाट दाखवायला गाइड लागत नाही. तो लागतो तो दुसऱ्याच कारणासाठी. या शहराने स्वतःभोवती गोष्टींचे एक दाट जाळे विणून घेतले आहे. देवदूतांनी शहर आखले, देवदूतांनी घंटा मनोऱ्यावर चढवली, एका जोगिणीच्या हातून चुकून मोले (वाटलेल्या मिरच्या-मसाल्यांचा रस्सा) तयार झाले, भारतीय राजकन्येने मेक्सिकोला तिचा पोशाख दिला, अशा या गोष्टी. त्या ऐकायला गोड आहेत आणि त्या ऐकल्याच पाहिजेत. पण गोष्ट कुठे संपते आणि कागदोपत्री सापडणारी हकिकत कुठे सुरू होते, हे उभ्या जागी दाखवून देणारा माणूस सोबत असेल तर समोरच्या भिंती बोलू लागतात. गाइड निवडताना मी हीच एक कसोटी लावते. "हे कुणी लिहून ठेवले आहे, आणि कधी?" असे विचारल्यावर जो शांतपणे उत्तर देतो, तो आपला गाइड.

सुरुवात सोकालोतून, म्हणजे मुख्य चौकातून, सकाळी नऊच्या सुमारास करावी. पुएब्लाची उंची समुद्रसपाटीपासून २,१०० मीटरांहून अधिक आहे. महाबळेश्वरच्या दीडपट उंचीवर आपण उभे आहोत हे सपाट रस्त्यांमुळे लक्षात येत नाही, पण वयस्कर माणसांना दुसऱ्याच वळणावर धाप लागू शकते. म्हणून पहिला अर्धा तास चौकातल्या बाकावर बसूनच जाऊ द्यावा. शहराच्या जन्माची कथा सांगायला याहून चांगली जागा नाही.

पुएब्ला हे जुन्या आदिवासी नगरावर उभे राहिलेले शहर नाही. मेक्सिको सिटी आस्तेकांच्या राजधानीच्या अवशेषांवर बसले; पुएब्ला मात्र चोलुला आणि त्लाश्काला या दोन जुन्या सत्तांच्या मधल्या मोकळ्या खोऱ्यात, वेराक्रुस बंदराहून राजधानीकडे जाणाऱ्या वाटेवर, १६ एप्रिल १५३१ रोजी जाणूनबुजून वसवले गेले. ज्यांच्या वाट्याला आदिवासींच्या श्रमावर जगण्याची सनद आली नव्हती अशा स्पॅनिश लोकांनी इथे शेती आणि धंदा करून राहावे, अशी कल्पना होती. पण ते शहर उभे करायला हजारो माणसे शेजारच्या त्लाश्काला, चोलुला आणि इतर गावांतूनच आणली गेली. पावसाने पहिली जागा पाण्याखाली गेल्यावर वस्ती नदीच्या पश्चिम तीरावर हलवली गेली. बिशप हुलियान गार्सेस यांना स्वप्नात देवदूत दोऱ्या धरून रस्ते आखताना दिसले, ही कथा शहराच्या 'देवदूतांचे पुएब्ला' या नावाला चिकटलेली आहे, आणि १५३८ साली मिळालेल्या मानचिन्हावरही दोन देवदूत आहेत. आखणीची दोरी मात्र माणसांच्याच हाती होती. चार रस्त्यांमधला प्रत्येक ठोकळा २०० वारा लांब आणि १०० वारा रुंद (वारा हे स्पॅनिश माप, एक वारा म्हणजे साधारण ८४ सेंटिमीटर), लांब बाजू पूर्व-पश्चिम.

या आखणीचा चालणाऱ्याला थेट उपयोग आहे. चौकाच्या वायव्य कोपऱ्यावर शहराचे दोन अक्ष एकमेकांना छेदतात. तिथून उत्तरेकडचे आडवे रस्ते २, ४, ६ असे सम आकड्यांचे, दक्षिणेकडचे ३, ५, ७ असे विषम. उभ्या रस्त्यांपैकी पूर्वेचे सम आणि पश्चिमेचे विषम. 'ओरिएंते' म्हणजे पूर्व, 'पोनिएंते' म्हणजे पश्चिम, 'नोर्ते' उत्तर आणि 'सुर' दक्षिण. एवढे चार शब्द आईवडिलांना पाठ करून दिले तर ते एकटेही परत चौकात येतील. आणि उत्तर-दक्षिण चालताना ठोकळा पटकन संपतो, पूर्व-पश्चिम चालताना त्याच्या दुप्पट अंतर पडते, हे ध्यानात ठेवले की "अजून दोनच गल्ल्या" असे सांगून कुणाला दमवण्याची वेळ येत नाही.

चौकाच्या दक्षिणेला कॅथेड्रल आहे. तिची उत्तरेची बाजू चौकाकडे आणि दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, त्यामुळे अनेक जण बाजूच्या दारालाच मुख्य दार समजून छायाचित्रे काढून निघून जातात. बांधकाम १५७५ साली सुरू झाले, मध्ये रखडले, आणि १६४० साली आलेले बिशप हुआन दे पालाफोक्स इ मेंदोसा यांनी ते नेटाने पुढे नेऊन १८ एप्रिल १६४९ रोजी तिचे पवित्रीकरण केले. करड्या, काहीशा उदास दगडाचे दोन मनोरे सत्तर मीटरांच्या घरात जातात, पण घंटा फक्त उत्तरेच्या मनोऱ्यात आहेत. एवढी जड घंटा वर गेली कशी, या प्रश्नातूनच देवदूतांची दुसरी कथा जन्मली असावी. आत मानुएल तोल्सा यांनी योजलेली मध्यवर्ती वेदी अठराव्या शतकाच्या अगदी अखेरीस सुरू झाली आणि त्यांच्या मृत्यूनंतर होसे मान्सो यांनी पूर्ण केली. तिथे वीस मिनिटे पुरतात. चांगल्या कॅथेड्रली मेक्सिकोत पुष्कळ आहेत, आणि पुढच्या थांब्यासारखे दुसरे काही नाही.

तो थांबा म्हणजे कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला, ५ ओरिएंतेवरच्या जुन्या बिशपवाड्यातले पालाफोक्सियाना ग्रंथालय. पालाफोक्स यांनी ५ सप्टेंबर १६४६ रोजी आपली ५,००० पुस्तके धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयाला दिली, आणि दान देताना अट घातली ती अशी की वाचता येणाऱ्या कोणालाही ती वाचू द्यावीत. आज दिसणारे दालन १७७३ साली बिशप फ्रान्सिस्को फाबियान इ फुएरो यांनी बांधवले. देवदार आणि स्थानिक लाकडांच्या कोरीव कपाटांचे आधी दोन मजले होते, तिसरा नंतर चढवला गेला. आज इथे ४५,००० हून अधिक ग्रंथ आहेत, त्यांत १४७३ साली छापलेली हिरोडोटसच्या इतिहासाची प्रत आहे, आणि २००५ साली युनेस्कोने या संग्रहाची नोंद 'जागतिक स्मृती' यादीत केली. दालनात शिरल्यावर गाइडला दोन मिनिटे गप्प राहायला सांगावे. लाकडाचा आणि जुन्या कातड्याचा मंद वास, पायाखालची लाल विटांची जमीन, आणि खिडक्यांतून ओळीने उतरणारा उजेड हे सारे आधी अनुभवावे. मग पुस्तकांच्या पाठींकडे पाहावे: पुष्कळशा ग्रंथांना पांढऱ्या चर्मपत्राचे वेष्टण आहे आणि पाठीवर शाईने हाताने लिहिलेली नावे आहेत. हे छापील नाव नव्हे, कुणा ग्रंथपालाचे हस्ताक्षर आहे, हे लक्षात आले की दालनाचा धाक कमी होऊन त्याच्याशी जवळीक वाटू लागते.

इथून पूर्वेकडे दोन ठोकळे जाऊन उत्तरेकडे वळले की जेझुइटांचे, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचे, चर्च लागते. त्याला स्थानिक लोक नुसते 'ला कोंपान्यीया' म्हणतात. शेजारची भव्य इमारत म्हणजे १५८७ साली स्थापन झालेले जेझुइटांचे महाविद्यालय, आजच्या विद्यापीठाचे मूळ. सध्याचे चर्च १७६७ साली पुरे झाले, आणि त्याच वर्षी स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साऱ्या राज्यातून हद्दपार केले. ज्यांनी ते बांधले त्यांना त्यात फार काळ प्रार्थना करायला मिळाली नाही.

ठाण्याच्या गृहस्थांनी विचारलेली समाधी याच चर्चच्या पूजासाहित्याच्या खोलीत आहे. तिच्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण भारतीय मंडळी इथे येतात तेव्हा सर्वांत जास्त चुकीचे तिच्याविषयीच सांगितले जाते. पहिली दोन वर्षे मी स्वतःही "मोगल राजकन्या" असे ठामपणे सांगत असे. साताऱ्याहून आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेने मला विचारले, "ताई, ती राजकन्या होती हे प्रथम कोण म्हणाले?" मला उत्तर देता आले नाही. त्या रात्रीपासून मी वाचायला बसले.

जे निश्चित आहे ते असे. कातारिना दे सान हुआन या नावाची, भारतातून आलेली एक स्त्री ५ जानेवारी १६८८ रोजी पुएब्लात वारली आणि जेझुइटांच्या चर्चमध्ये तिला पुरण्यात आले. तिचे मूळ नाव मिर्रा असे सांगितले जाते. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवले, कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला, पुढे मनिलाच्या गुलामबाजारात ती विकली गेली आणि पॅसिफिक ओलांडणाऱ्या जहाजाने मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात आली. पुएब्लाचा कॅप्टन मिगेल दे सोसा आणि त्याची पत्नी यांच्या घरी तिने गुलामीत दिवस काढले. पुढे मुक्त झाल्यावर तिचे लग्न दोमिंगो नावाच्या एका आशियाई गुलामाशी लावून देण्यात आले, आणि उरलेले दीर्घ आयुष्य तिने या चर्चच्या सावलीत, एका खोलीत, उपासतापास आणि प्रार्थना यांत घालवले. तिला दृष्टांत होतात अशी ख्याती पसरली. तिच्या मृत्यूनंतर तिचा जेझुइट धर्मगुरू आलोन्सो रामोस याने १६८९ ते १६९२ या काळात तिचे चरित्र तीन मोठ्या खंडांत छापले. ती राजघराण्यातली होती ही कथा याच चरित्रातून आपल्यापर्यंत आली. एका संत होऊ घातलेल्या स्त्रीला उच्च कुळ जोडणे ही त्या काळच्या चरित्रलेखनाची रीतच होती. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की इतके कौतुक धर्मन्यायालयालाच खटकले. आधी स्पेनमध्ये आणि मग १६९६ साली मेक्सिकोत त्या ग्रंथावर बंदी आली आणि तिच्या संतपदाची वाट बंद झाली.

दुसरा चरित्रकार होसे देल कास्तियो ग्राक्सेदा याने तिचे बोलणे ती बोलत असे तसेच, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये उतरवून ठेवले आहे. साठेक वर्षे त्या गावात राहूनही तिला ती भाषा पूर्णपणे आली नाही. मला तिच्या राजकन्या असण्यापेक्षा हे फार मोलाचे वाटते. परक्या भाषेत रोजचा दिवस काढणाऱ्या कुणालाही ती त्या अर्धवट वाक्यांत भेटते.

आता कातारिनाला चिकटलेल्या 'चिना पोब्लाना', म्हणजे पुएब्लाची 'चिना', या नावाविषयी. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला आणि आकापुल्को यांच्यात गलबते ये-जा करत होती. त्यांतून आलेला माणूस चिनी असो, फिलिपिनो असो, बंगालचा असो की मलबारचा, मेक्सिकोत त्याला सरसकट 'चिनो' म्हणत. या आशियाई गुलामांच्या मुक्ततेचा राजाचा हुकूम १६७२ साली निघाला. टिकल्या लावलेला लाल-हिरवा घागरा, पांढरे पोलके आणि रेबोसो (अंगावर घ्यायची शाल) असा जो 'चिना पोब्लाना' पोशाख आज सणासमारंभात दिसतो, तो एकोणिसाव्या शतकातल्या मेक्सिकन स्त्रियांचा आहे. तिथे 'चिना' शब्दाचा अर्थ वेगळा होता. नावाच्या साम्यामुळे तो पोशाख पुढे कातारिनाच्या अंगावर चढवला गेला. ती स्वतः साधी, गडद वस्त्रे नेसत असे. गाइड समोरच्या कोपऱ्यावरचे 'चिना पोब्लानाचे घर' दाखवून घागऱ्याची गोष्ट सांगू लागला, तर ती ऐकून घ्यावी आणि मग समाधीचा दगड पाहायला मिळेल का, असे सेवेकऱ्याला नम्रपणे विचारावे. खोली नेहमी उघडी नसते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असेल तर अजिबात आग्रह धरू नये.

याच समुद्रवाटेचा एक धागा थेट वसईला जातो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानच्या नागासाकीत ज्या २६ ख्रिस्ती हुतात्म्यांना क्रूसावर मारण्यात आले, त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते आणि मेक्सिकोचे फेलिपे दे हेसुसही होते. हे फेलिपे तरुणपणी पुएब्लातल्या सांता बार्बारा मठात दीक्षार्थी म्हणून राहिले होते, तिथून बाहेर पडून मनिलाला गेले, आणि परतीच्या प्रवासात जहाज भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागले. पुढे १८६२ साली दोघांनाही एकाच वेळी संतपद मिळाले. वसईची मंडळी सोबत असली की मी हा धागा ला कोंपान्यीयाच्या पायऱ्यांवरच सांगते.

तिथून उत्तरेला दोन छोटे ठोकळे आणि पूर्वेला एक लांब ठोकळा चालले की कासा दे आल्फेन्यीके समोर येते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एका श्रीमंत लोहाराने हे घर बांधवले. लाल विटा, त्यांत बसवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आणि त्यांभोवती चुन्यात घडवलेली पांढरीशुभ्र वेलबुट्टी. ही वेलबुट्टी साखरेच्या मिठाईसारखी दिसते म्हणून घराला त्या मिठाईचे नाव पडले. पाडव्याच्या साखरगाठी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. त्या शब्दाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे: स्पॅनिश 'आल्फेन्यीके' अरबीतून आला, अरबीत तो फारसीतून आला आणि फारसीत संस्कृत 'फाणित' या शब्दावरून. आयुर्वेदात फाणित म्हणजे आटवलेला उसाचा रस. आपल्याकडचा एक शब्द अशा वळणांनी पुएब्लातल्या एका घराच्या कपाळी जाऊन बसला आहे. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपात या घराला मोठी इजा झाली आणि दुरुस्तीसाठी ते बराच काळ बंद होते. शहरातल्या कित्येक चर्चच्या भिंतींवर त्या भूकंपाच्या भेगा आणि त्यांची डागडुजी आजही ओळखू येते. गाइडला त्या दाखवायला सांगाव्यात.

समोरच एल पारियान हा हस्तकलांचा बाजार आहे. 'पारियान' हे मनिलातल्या चिनी व्यापाऱ्यांच्या पेठेचे नाव, तेच इथे आले. बाजारातले रंगीत सामान पाहायला छान आहे, पण तालावेरा नावाने विकली जाणारी मातीची भांडी तिथे घाईने घेऊ नयेत. तालावेरा म्हणजे कथिलमिश्रित पांढऱ्या झिलईवर रंगकाम केलेली, दोनदा भाजलेली भांडी आणि फरश्या. स्पेनमधल्या तालावेरा दे ला रेना गावची ही कला सोळाव्या शतकात पुएब्लात आली, १६५३ साली कुंभारांच्या संघाने तिचे नियम ठरवले, आणि पुढे उत्तम मालावरची निळी नक्षी चिनी मातीच्या भांड्यांसारखी असावी असे त्यात घालण्यात आले. कारण आकापुल्कोहून येणारी चिनी भांडी तोवर श्रीमंतांच्या घराघरांत पोचली होती. २०१९ साली युनेस्कोने पुएब्ला-त्लाश्काला आणि स्पेन इथल्या या कलेची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

खरी तालावेरा ओळखायची कशी, हे हातात घेऊनच शिकावे. डोळे मिटून बोट निळ्या रेघेवरून हलकेच फिरवावे; कोबाल्टची रेघ झिलईपेक्षा किंचित उंच लागते. छापील किंवा साध्या रंगाने काढलेली नक्षी सपाट लागते. पांढरा भाग दुधासारखा, अगदी थोडा पिवळट असतो, बर्फासारखा पांढरा नसतो, आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे किंवा केसाएवढ्या बारीक चिरा दिसतात. हे दोष नाहीत, ती भट्टीची खूण आहे. भांडे उलटे केल्यावर बुडाचे कडे बिनझिलईचे, उघड्या मातीचे दिसले पाहिजे, आणि कारखान्याचे चिन्ह, रंगकाराची अक्षरे व उत्पत्तिस्थानाच्या नोंदणीची खूण लिहिलेली असली पाहिजे. एका खऱ्या ताटलीला बाजारातल्या दहा ताटल्यांएवढे पैसे पडतात. वेळ असेल तर ४ पोनिएंतेवरचा, १८२४ पासून चालू असलेला उरियार्ते कारखाना पाहावा, म्हणजे एवढी किंमत का, ते तिथल्या रंगकारांचे हात पाहून कळते.

एव्हाना अकरा-साडेअकरा होतात आणि ६ ओरिएंते ही मिठायांची गल्ली लागते. सांता क्लाराच्या मठाची ही जुनी गल्ली. इथली खास मिठाई म्हणजे कामोते, रताळ्याच्या गोड लगद्याच्या कागदात गुंडाळलेल्या कांड्या. आईवडिलांना मात्र 'आलेग्रिया' द्यावी: गुळचट पाकात बांधलेली लाह्यांची वडी. पहिला घास घेताच आई म्हणते, "ही तर राजगिऱ्याची चिक्की!" आणि ते अगदी खरे आहे. राजगिऱ्याची लागवड मुळात मेक्सिको आणि आसपासच्या प्रदेशातली. आपल्या उपासाच्या ताटात तो समुद्रापारहून आला. रताळे, मिरची, पेरू, सीताफळ आणि चिकू ही मंडळीही त्याच खंडातली आहेत.

याच गल्लीत २०६ क्रमांकाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर गोळ्यांची भोके आहेत. मिठाईच्या पिशव्या घेऊन जाणारे पुष्कळ जण ती न पाहताच पुढे जातात. १८ नोव्हेंबर १९१० रोजी, ठरलेल्या उठावाच्या दोन दिवस आधी, पोलिस झडतीला आले तेव्हा आकिलेस सेर्दान, त्यांचा भाऊ माक्सिमो, बहीण कार्मेन आणि मूठभर साथीदारांनी या घरातून शेकडो सशस्त्र माणसांशी झुंज दिली. माक्सिमो लढताना पडले. आकिलेस जमिनीखालच्या लपणात दडले होते, ते दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर येताना मारले गेले. मेक्सिकन क्रांतीचे पहिले रक्त इथे सांडले. आता तिथे संग्रहालय आहे, आणि ते लपण व गोळीने तडकलेला आरसा आत पाहता येतो. नोव्हेंबरात जात आहात, म्हणजे त्या दिवसाच्या आसपास असाल. इथे दहा मिनिटे तरी थांबा.

फेरीचा शेवट सान्तो दोमिंगो चर्चमधल्या रोसारियोच्या कापियात, म्हणजे जपमाळेच्या मातेच्या उपमंदिरात व्हावा, आणि तो दुपारी बाराच्या सुमारास व्हावा, कारण तेव्हा घुमटाच्या खिडक्यांतून उतरलेला उजेड भिंतींवर खेळतो. १६९० साली अर्पण झालेले हे दालन जमिनीलगतच्या तालावेरा फरश्या सोडल्या तर वरपर्यंत चुन्याच्या नक्षीने आणि त्यावरच्या सोन्याच्या वर्खाने मढलेले आहे. जुन्या गोव्यातल्या चर्चमधल्या सोनेरी वेद्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा: तिथे सोने लाकडी कोरीव वेदीवर आहे, इथे ते भिंती आणि छत यांवरच आहे, त्यामुळे आपण वेदीसमोर उभे न राहता जणू वेदीच्या आत उभे राहतो. नजर एकदम वर नेऊ नये. एका कमानीच्या पायथ्यापासून सुरुवात करावी: वेल, पान, फळ, मग पानातून डोकावणारा एक चेहरा, त्याच्या शेजारी वाद्य वाजवणारा देवदूत. हे चेहरे घडवणारे हात कुणाचे होते, त्यांची नावे बहुतांशी उरलेली नाहीत. मला त्या पानांत लपलेल्या चेहऱ्यांकडे पाहताना नेहमी शहर बांधणाऱ्यांच्या नदीपलीकडच्या वस्त्यांमधले कारागीर आठवतात.

इथे गाइडचा निरोप घ्यावा. सगळे मिळून चाललेले अंतर दोन-अडीच किलोमीटरच आहे; वेळ लागतो तो थांबण्यात. ५ दे मायो या रस्त्याने दक्षिणेकडे चार मिनिटांत पुन्हा सोकालो येते, आणि तिथल्या कमानींखाली जेवायला बसता येते.

जेवणाविषयी एक सावधगिरी. तुम्ही शाकाहारी असाल तर "सिन कार्ने" म्हणजे "मांस नको" एवढे सांगून भागत नाही. इथे कोंबडीला पुष्कळ जण 'कार्ने' समजत नाहीत, आणि घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. "सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो, सिन मांतेका" म्हणजे कोंबडी नको, कोंबडीचा रस्सा नको, चरबी नको, असे तीनही सांगावे. मोले पोब्लानो बहुधा कोंबडीच्या रश्श्यात सोडलेले असते, तेव्हा विचारून घ्यावे. सांता रोसा मठाच्या जोगिणीने ते घाईत घडवले ही गोष्ट प्रसिद्ध आहे, आणि त्या मठाचे फरश्यांनी मढवलेले स्वयंपाकघर खरोखरच सुंदर आहे. पण 'मोली' हा नाहुआत्ल या आस्तेकांच्या भाषेतला वाटलेल्या रश्श्याचा शब्द स्पॅनिश लोक येण्यापूर्वीचा आहे. मिरच्या भाजणे, वाटणे, परतणे ही मूळ कृती इथल्या बायकांची. दालचिनी, लवंग, मिरी आणि तीळ मागाहून समुद्राने आले. कुठल्याही मराठी सुगरणीला ते वाटण पाहताक्षणी ओळखीचे वाटते. अक्रोडाच्या पांढऱ्या रश्श्यातली भरली मिरची, चिले एन नोगादा, मात्र जुलै ते सप्टेंबरचा पदार्थ आहे. नोव्हेंबरात कुणी ताजा म्हणून देऊ केला तर नको म्हणावे.

काही गोष्टी आधी ठरवून ठेवाव्यात. सोमवारी बहुतेक संग्रहालये बंद असतात, म्हणून तो वार टाळावा. मेक्सिको सिटीच्या तापो स्थानकावरून बसने सुमारे दोन तास लागतात. पुएब्लाचे बसस्थानक जुन्या गाभ्यापासून दूर आहे, तिथे आतल्या खिडकीवर पावती फाडून अधिकृत टॅक्सी घ्यावी. गाइडकडे केंद्रीय पर्यटन खात्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आहे ना, ते मागून पाहावे. मागितल्याचा कुणाला राग येत नाही. "मोफत फेरी" असे म्हणून जे गट चालवले जातात, त्यांत शेवटी बक्षिशी द्यायचीच असते आणि गटात तीस-चाळीस माणसे असली तर आईवडिलांना मागे उभे राहून काही ऐकू येणार नाही. त्यापेक्षा थोडे जास्त पैसे देऊन आपल्यापुरताच गाइड घ्यावा आणि दर वीस मिनिटांनी बसायला जागा हवी, हे त्याला आदल्या दिवशीच सांगावे. पुएब्ला आणि चोलुला एकाच दिवसात उरकणाऱ्या सहली टाळाव्यात. चोलुलाच्या पिरॅमिडवरच्या चर्चची चढण सत्तरीतल्या गुडघ्यांना त्रासाची आहे, आणि घाईत ग्रंथालय हमखास गाळले जाते.

उरलेला अर्धा दिवस रविवारची सकाळ असेल तर तो आनाल्कोला द्यावा. 'आनाल्को' म्हणजे नाहुआत्लमध्ये 'पाण्यापलीकडे'. ज्या सान फ्रान्सिस्को नदीने स्पॅनिश शहर आणि त्याला बांधणाऱ्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवल्या होत्या, ती १९६० च्या दशकात बंदिस्त नळात घालून वर मोठा रस्ता करण्यात आला. त्यामुळे आज आपण वाहनांचा प्रवाह ओलांडून पलीकडे जातो. वाटेत बेडकांची गल्ली, कायेहोन दे लोस सापोस, लागते. नदीच्या पुराचे पाणी इथे साचून बेडूक ओरडत, म्हणून ते नाव. आता तिथे शनिवार-रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पुढे ओवांदोचा जुना दगडी पूल दिसतो, ज्याच्याखाली आता पाणी नाही. आनाल्कोच्या बागेत चर्चसमोर बाजार भरलेला असतो, बायका तव्यावर निळ्या मक्याच्या भाकऱ्या थापत असतात, आणि बाकांना सावली असते. आईवडिलांना तिथे बसवून द्या आणि घाई करू नका. परतीची बस दर थोड्या वेळाने असते.